शिवेवरचा मानकरी

हातकणंगले तालुक्याच्या नकाशावरून नजर फिरवली, तर भुताखेतांनी आश्रय घ्यावा असे निबिड अरण्य या मुलखात कोठे असेल, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. उत्तरेस वारणा, दक्षिणेस पंचगंगा, आणि या दोन नद्यांच्या मधोमध पसरलेला काळ्या जमिनीचा सुपीक पट्टा. त्यात उंचवटा म्हणून दाखवावयाचा तो आळत्याजवळच्या रामलिंगाचा डोंगर किंवा कुंभोजनजीकचा बाहुबलीचा. करवीर संस्थानच्या अमदानीत हा सारा प्रदेश आळते पेटा म्हणून दप्तरी नोंदलेला असे, आणि १८८६ साली मुंबई सरकारने कोल्हापूरचे गॅझेटियर छापले त्यातही तो त्याच नावाने आढळतो. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत संस्थानची रेल्वे सुरू झाली, तिच्या वाटेवर हातकणंगल्याचे स्टेशन आले, आणि पुढे तालुक्याचे ठाणेही या गावी स्थिरावले. खरे रान पाहावयाचे तर पश्चिमेकडे, पन्हाळ्याच्याही पलीकडे, शाहूवाडी, राधानगरी आणि दाजीपूरच्या दिशेनेच जावे लागते.

असे असूनही, वेताळ, म्हसोबा, मुंजा, खवीस, हडळ आणि चकवा ही मंडळी या सपाटीवरच्या प्रत्येक गावाच्या बोलण्यात शतकानुशतके नांदत आली आहेत, याचा उलगडा एकाच गोष्टीने होतो. आपल्याकडच्या भयाचे वसतिस्थान अरण्य हे नसून शीव हे आहे. गावठाण संपते, पांढरी मागे राहते, काळीतले शेवटचे शेत ओलांडले जाते आणि दुसऱ्या गावाची हद्द अद्याप सुरू झालेली नसते, अशा त्या कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या चिंचोळ्या पट्ट्यावर आपल्या पूर्वजांनी अज्ञाताला जागा नेमून दिली. तिथल्या दगडाला शेंदूर लावला, वर्षाकाठी त्याचा नैवेद्य ठरवला, आणि मग गावकामगार पाटलापासून गुराख्यापर्यंत प्रत्येकाने त्याला आपल्याच गावगाड्यातला एक मानकरी म्हणून ओळखावयास प्रारंभ केला.

या विषयाकडे पुन्हा एकवार पाहण्यास निमित्त घडले ते एका परदेशी पाहुण्याचे. अलीकडे ऑक्टोबर महिना सरत आला, की पुण्या-मुंबईच्या दुकानांतून कोरलेल्या भोपळ्यांची चित्रे आणि रबरी मुखवटे झळकू लागतात. ३१ ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकेत साजरा होणारा हॅलोविन हा सण चित्रपटांच्या द्वारे आपल्या मुलांनाही परिचयाचा झाला आहे. त्या रात्रीच्या सोंगांत चेटकिणी व सांगाडे यांच्या पंक्तीस अंगभर केस असलेला एक प्रचंड वनमानव उभा असतो, त्याचे नाव बिगफूट. हॅलोविनचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडच्या केल्टिक लोकांच्या साउइन नामक ऋतुसंधीत सांगितले जाते. पिके घरी आली, गुरे डोंगरावरून खाली उतरली, आता अंधारे निम्मे वर्ष सुरू होणार, अशा त्या संधिकाळी मृत आणि जिवंत यांच्यामधला पडदा विरळ होतो, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बटाट्याच्या दुष्काळाने देशोधडीस लागलेले लक्षावधी आयरिश लोक अमेरिकेत गेले, त्यांच्याबरोबर हा सणही गेला. आणि मायदेशी सलगम कोरून दिवे करणाऱ्या त्या लोकांना तिकडे भोपळा अधिक सोयीचा वाटला.

बिगफूटचा या सणाशी वंशपरंपरेचा संबंध काहीच नाही. तो फार उशिरा आलेला आश्रित आहे. उत्तर कॅलिफोर्नियातील ब्लफ क्रीक येथे १९५८ साली रस्त्याचे काम चालू असता जेरी क्रू नामक यंत्रचालकास ओल्या मातीत सुमारे १६ इंच लांबीची माणसासारखी पावले उमटलेली दिसली, त्याने त्यांचा प्लॅस्टरचा ठसा घेतला, आणि ‘हंबोल्ट टाइम्स’ या वृत्तपत्राने त्याचे छायाचित्र छापताच मजुरांच्या तोंडचे हे नाव देशभर झाले. पुढे १९६७ च्या ऑक्टोबरात त्याच परिसरात पॅटरसन आणि गिमलिन या दोघांनी एका केसाळ आकृतीची चित्रफीत घेतली, तिच्यावरचा वाद अजून शमलेला नाही. मूळ पावलांचे गूढ मात्र २००२ साली बव्हंशी उकलले. त्या रस्त्याच्या कामाचे कंत्राटदार रे वॉलेस निवर्तल्यावर त्यांच्या कुटुंबीयांनी ती पावले उमटवण्यासाठी वापरलेले लाकडी पाय लोकांपुढे ठेवले.

परंतु त्या अरण्याचे जे मूळ रहिवासी, त्यांना ठशांची आवश्यकता कधीच भासली नव्हती. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आदिम जमातींत सॅस्क्वॉच हा वनपुरुष कथांतून पिढ्यानपिढ्या वावरत होता. त्याचे हे नाव इंग्रजी वाचकांपुढे १९२० नंतरच्या दशकात आणले ते जे. डब्ल्यू. बर्न्स या शाळामास्तरांनी. क्वाक्वाकावाक्व लोकांच्या हिवाळी नृत्यांत त्सोनोक्वा नामक रानवट राक्षशिणीचा लाकडी मुखवटा असतो. ती मुले पळवते, पण तिच्यापासून संपत्तीही प्राप्त होते, म्हणून तिचा प्रवेश ठरलेल्या विधीने, ठरलेल्या घराण्याच्या हक्काने होतो. ती खरी की खोटी हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. तिचा मान कोणता आणि तो कोणी द्यावयाचा, एवढाच प्रश्न असतो. हातकणंगल्याच्या शिवेवरील म्हसोबाविषयी विचारले जाणारे प्रश्नही नेमके हेच होते.

विशाल पावलांचा दैवी वनपुरुष पाहावयाचा असेल, तर आपल्यास समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. सह्याद्री उतरून तळकोकणात वेंगुर्ले तालुक्यातील आरवली या गावी गेले, म्हणजे श्रीदेव वेतोबाचे प्रख्यात देवालय लागते. वेताळ हा शास्त्रपुराणांत भूतगणांचा अधिपती. अमावास्येच्या रात्री मशाली पाजळून त्याची स्वारी निघते आणि ती दृष्टीस पडणे अशुभ, अशी समजूत घाटावर व कोकणात सारखीच आहे. आरवलीत मात्र हाच वेताळ ग्रामरक्षक होऊन माणसाहून उंच अशा मूर्तिरूपाने उभा आहे. नवस फेडणारे भाविक त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या वहाणा अर्पण करतात. या वहाणा कोणा मर्त्य माणसाच्या पायात कदापि बसणार नाहीत इतक्या थोर असतात. देव रात्री गावाच्या हद्दीवरून फेरी घालतो, त्यामुळे त्या झिजतात, अशी श्रद्धा असून, झिजलेला तळ हाच त्याच्या सेवेचा पुरावा मानला जातो. अमेरिकेतला वनमानव मातीत पाऊल उमटवून संशय मागे ठेवतो. आमच्या वेतोबाच्या पावलाची नोंद वहाणेच्या तळव्यावर होते, आणि ती वाचून भाविक नव्या जोडाची वर्दी देतो.

वहाणांचा विषय निघाला असता कोल्हापूरचे नाव न काढणे अशक्य आहे. ज्या पायताणाला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले, ते कोल्हापुरी पायताण म्हणजे या मुलखातील चर्मकारांच्या कसबाचे सार होय. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात दिवसचे दिवस मुरवलेले चामडे, त्याचे एकावर एक थर देऊन चामड्याच्याच वादीने शिवलेला तळ, दोन्ही बाजूंस फाकलेले कान, अंगठ्याची कडी आणि पट्ट्यावरची वेणी. लोखंडाचा खिळा म्हणून त्यात नसावयाचा. रात्रीच्या वेळी रानवाटेने जाणारा शेतकरी अशी करकरणारी पायताणे मुद्दाम घालीत असे, कारण त्यांच्या आवाजाने जनावर बाजूला होते. आणि ज्याच्या पायताणाचा आवाज येतो तो माणूसच, अशी ऐकणाऱ्याचीही खात्री पटते.

ही खात्री पटवून घेणे अगत्याचे होते, कारण आपल्याकडे माणूस आणि भूत यांतला भेद पायांवरूनच ओळखावा असा दंडक आहे. हडळ आणि जखीण रूपाने कितीही मोहक असोत, त्यांची पावले उलटी असतात. टाच पुढे आणि बोटे मागे. लोककथेतील ही खूण दूरदेशीही आढळते. ब्राझीलच्या अरण्यात कुरुपिरा नावाचा वनरक्षक यक्ष मानतात. त्याचीही पावले उलटी असून, हाव सुटलेला शिकारी त्याच्या मागावर निघाला की नेमका विरुद्ध दिशेला जाऊन रानात हरवतो. आपल्याकडे हेच काम चकव्याकडे सोपवलेले आहे. ज्वारीच्या दिवसांत उशिरा घरी परतणारा माणूस ओळखीच्याच बांधावर घिरट्या घालीत राहतो, गावाचा दिवा डोळ्यांपुढे असूनही वाट सापडत नाही, आणि जाणती माणसे त्यास सांगतात, की अशा वेळी धावाधाव न करता आहे त्या जागी बसून राहावे, तांबडे फुटले की चकवा आपोआप सुटतो. आयर्लंडमध्ये अशी भूल पडलेल्या वाटसरूस अंगरखा काढून उलटा घालावयास सांगत. उपाय वेगळा, परंतु मुळातला सल्ला एकच: घाबरलेल्या माणसास आधी थांबवणे.

हातकणंगले तालुक्यात रान आणि गाव यांची वार्षिक भेट पाहावयाची असेल, तर ती पट्टणकोडोलीस पाहावी. दसरा आणि दिवाळी यांच्या दरम्यान, म्हणजे हॅलोविनच्याच ऋतूत, तेथे विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. बिरोबा हा धनगरांचा देव. जन्मतःच रानात टाकलेला आणि रानातच वाढलेला, अशी त्याची कथा धनगरी ओव्यांतून गातात. जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या पशुपालकांच्या दैवतांवर १९७६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात वन आणि क्षेत्र, म्हणजे रान आणि कसलेली भूमी, यांतील देवघेव हा आपल्या लोकधर्माचा कणा असल्याचे त्यांनी साधार दाखवले. पट्टणकोडोलीत ही देवघेव डोळ्यांनी पाहता येते. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र येथून आलेले धनगर घोंगडी आणि छत्र्यांसह माळावर उतरतात, ढोल-कैताळांचा गजर उठतो, भंडाऱ्याची इतकी उधळण होते की माणसे, जनावरे आणि देवळाचे शिखर सारे एकाच पिवळ्या रंगाचे होऊन जाते. सोलापूर जिल्ह्यातील अंजनगावाहून पायी चालत आलेले फरांडे बाबा तलवार हाती घेऊन हेडाम खेळतात आणि भाकणूक सांगतात: पाऊस कसा पडेल, रोगराई येईल काय, धान्याचे भाव कोठे जातील. रानातला देव गावाला भय दाखवण्यास येत नाही. तो वर्षाचा अंदाज देण्यास येतो, आणि बागायतदारही तो कान देऊन ऐकतो.

येथवरचे वर्णन वाचून आपल्या पूर्वजांच्या शहाणपणाविषयी धन्यता वाटावी, हे स्वाभाविक होय. परंतु इतिहास लिहिणाऱ्यास तेथे थांबता येत नाही. शिवेची राखण देव करी, असे म्हणताना प्रत्यक्ष रात्री त्या शिवेवर चालत कोण असे, हे विचारले पाहिजे. ते काम महारवतनदारांचे होते. हद्दीच्या तंट्यात त्यांची साक्ष अखेरची मानली जाई. शिवेचा वाद पडला असता तांबडी वस्त्रे व तांबड्या माळा धारण करून आणि डोक्यावर माती घेऊन साक्षीदारांनी हद्द चालून दाखवावी, अशी रीत याज्ञवल्क्यस्मृतीतच सांगितली आहे. त्या प्राचीन जबाबदारीचा भार आपल्याकडे कोणाच्या मस्तकी आला, हे गावगाड्याच्या रचनेतून स्पष्ट होते. गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा वाजतगाजत काढावयाचा आणि रोगराईसह तो शिवेपार करावयाचा, ही चाल सर्वत्र होती; गाडा हद्दीवर सोडल्यावर मागे वळून न पाहता परतावे, असा नियम असे. उजेडातली मिरवणूक साऱ्या गावाची आणि अंधारातला शेवटचा टप्पा वेशीबाहेरच्यांचा, अशी ती वाटणी होती. बिदरच्या बादशहाने दिल्याचे सांगितले जाणारे बावन्न हक्क हा या सेवेचा मोबदला. प्रत्यक्षात तो वाळल्या भाकरीचे तुकडे, मेलेल्या जनावराचे कातडे आणि थोडीबहुत इनाम जमीन एवढाच उरला. गावाने आपल्या भयाला देव्हारा दिला तो शिवेवर, आणि त्या भयाशी रोज गाठ घालणाऱ्या माणसाला घर दिले तेही शिवेकडेच.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का याच मुलखात बसला, ही गोष्ट हातकणंगल्यास भूषणावह आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातील महार वतने खालसा करून त्या जमिनी रयतावा केल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २१ व २२ मार्च १९२० रोजी, तेव्हा कागल जहागिरीत असलेल्या आणि आज हातकणंगले तालुक्यात मोडणाऱ्या माणगाव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. महाराज जातीने तेथे आले, आणि तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. वतन नाहीसे करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडले, ते तेव्हा तडीस गेले नाही. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा झाला तो १९५८ चा. शिवेवरच्या माणसाची अंधारातली नोकरी त्या कायद्याने दप्तरातून पुसली गेली. म्हसोबाचा शेंदूर मात्र आपल्या जागी राहिला.

त्याच १९५८ साली दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि ते राज्यातले पहिले अभयारण्य ठरले, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. तोपर्यंत रानाची राखण देवाच्या नावाने होत असे. आजरा, भुदरगड, शाहूवाडी या डोंगरी तालुक्यांतील देवरायांत वाळलेली काटकीसुद्धा घरी नेऊ नये, नेल्यास देव कोपतो, अशी सक्त ताकीद होती, आणि त्या ताकिदीच्या जोरावर जुने वृक्ष व वेली तेथे टिकून राहिल्या. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या वर्षांत पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचे संशोधन करून हे वैभव शास्त्रज्ञांच्या नजरेस आणले. भयाच्या पोटी माणसाची बुद्धी गहाण पडते हे खरे, आणि तेच भय कुऱ्हाडीला आवर घालते हेही खरे. देवरायांपुरता तरी दुसऱ्या सत्याचा हिशेब मोठा आहे.

अमेरिकेनेही अखेरीस बिगफूटला दप्तरात घेतलेच. वॉशिंग्टन राज्यातील स्कमेनिया परगण्याने १ एप्रिल १९६९ रोजी ठराव करून त्याची हत्या हा दंडनीय अपराध ठरवला, आणि त्यास १०,००० डॉलरपर्यंत दंड व ५ वर्षांपर्यंत कैद सांगितली. तारखेवरून हा विनोद वाटेल. परंतु बंदुका घेऊन रानात शिरणाऱ्या हौशी लोकांनी एखाद्या माणसाचाच जीव घेऊ नये, हा त्यामागचा हेतू गंभीर होता. जो प्राणी आहे की नाही हे कोणास ठाऊक नाही, त्याला अभय देऊन त्या परगण्याने खऱ्या माणसांना अभय दिले.

आज हातकणंगल्याच्या आसमंतात ज्वारीची जागा उसाने घेतली आहे. पाण्याच्या पाळीला रात्री-अपरात्री रानात जाणारा शेतकरी ओल्या सरीत अनोळखी पाऊल दिसले की भगताकडे न जाता वनखात्याकडे वर्दी देतो, आणि वनरक्षक येऊन ते बिबट्याचे की तरसाचे हे मोजून सांगतो. हा बदल स्वागतार्हच आहे. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्राने नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, तोही भयाचा व्यापार करणाऱ्यांना वचक बसवण्यासाठीच. मात्र जुन्या शिवेचा धडा यामुळे निकालात निघत नाही. तिथला मानकरी खरा आहे काय, हे ठरवण्यात आपल्या पूर्वजांनी आयुष्य घालवले नाही. त्याला किती द्यावयाचे आणि त्याच्यापुढे आपण कोठे थांबावयाचे, हे त्यांनी ठरवून टाकले. त्या ठरावात रानाच्या वाट्याला संरक्षण आले आणि माणसांच्या एका वर्गाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा अंधार आला. यापुढे रानाची शीव आखताना पहिली बाब कायम ठेवावी आणि दुसरी पुन्हा कोणाच्याही माथी येऊ देऊ नये, इतका हिशेब या इतिहासातून हाती लागला तरी तो वाया गेला असे म्हणता येणार नाही.